नाना मिस्त्रींची मिनी

नाना आधी मारत आणि मग विचारत. 'काय व्हयनं?', काय झालं, हा प्रश्न समोरचा माणूस खाली बसल्यावर यायचा. धुळ्याला बस स्टँडच्या मागे त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथे येणारी माणसं हातभर लांब उभी राहून गाडीची तक्रार सांगत. जो नानांच्या अगदी शेजारी जाऊन उभा राही, ते नवं गिऱ्हाईक हे आम्ही लांबून ओळखायचो. माझे वडील होते ते. बापाबद्दल पहिल्याच वाक्यात असं लिहू नये हे मला कळतं. पण ज्यांनी नानांना पाहिलंय त्यांना दुसरं काही पटायचं नाही, आणि गोड-गोड लिहायला मला जमत नाही. तेवढा त्यांचाच स्वभाव माझ्यात उतरलाय.

उंचीने ते आईपेक्षा दोन बोटं कमीच होते. पण देवाने हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी लावून पाठवले असावेत. रुंद, जाड आणि ग्रीसने कायमचे काळे. गाडीचे हाल करणाऱ्या माणसाला ते एकच प्रश्न विचारत, "गाडी तुनी शे का तुना दुश्मननी?" कापड बाजारातल्या एका मारवाडी शेठजींचा मुलगा पेट्रोलमध्ये ऑइल न टाकता गाडी शिरपूरपर्यंत हाणून आला आणि इंजिन जाम करून बसला. नानांनी इंजिन उघडून त्याला पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि दाखवता दाखवता एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः दोन नोकर घेऊन आले. शेजारच्या पंक्चरवाल्याने घाईघाईने दुकानाची फळी ओढून घेतली. शेठजी मात्र खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, एक कम मारी. ऑइल का डब्बा मैंने खुद इसके हाथ में दिया था." नानांनी त्यांना चहा पाजला.

गॅरेजमधल्या मारामाऱ्या लोक रंगवून सांगत, मीही सांगते. घरातल्या सांगताना ती गंमत येत नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून फेकलेल्या ताटाची कड आईच्या भुवईवर लागली होती, तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. माझा थोरला भाऊ, त्याला मी भाऊच म्हणते, तो तर रोजचंच गिऱ्हाईक. शाळेतून उशीर झाला, वेळेआधी आला, उलट बोलला, बोललाच नाही, कारण काहीही चालायचं. नाना चपला नीट जोडून ठेवतात की उंबऱ्यातच झटकून टाकतात, ते पाहून आम्ही दोघं घरात कुठे बसायचं ते ठरवायचो. मारून झाल्यावर ते अंगणातल्या हातपंपाखाली डोकं धरून एका हाताने पंप मारत राहायचे. मग ओल्या केसांनी भिंतीशी येऊन बसायचे. माफी कधी मागितली नाही. आई म्हणायची, "त्यास्ना हात त्यास्ना नही." मला त्यांची कीव यायची आणि कीव आली की स्वतःचाच संताप यायचा.

मला मात्र नानांनी कधी हात लावला नाही. का, ते मला फार उशिरा कळलं आणि ते कळल्याचं अजून दुखतं.

नानांची मिनी आमच्याकडे आली तेव्हा मी तिसरीत होते, म्हणजे त्र्याऐंशीच्या आसपास. लहान चाकांची, वर उठलेल्या शिंगांसारख्या हँडलची, जेमतेम माझ्या छातीएवढी मोटारसायकल. दहा वर्षांपूर्वी एका हिंदी सिनेमातल्या कोवळ्या जोडीने ती चालवली आणि पैसेवाल्यांच्या पोरांना तिचं वेड लागलं. पण खान्देशातल्या रस्त्यांना ती मानवली नाही. ती छोटी चाकं खड्ड्यात गेली की वर यायचं नाव घेत नसत. पुढे कंपनीने ती काढणं बंद केलं आणि होत्या तेवढ्या गाड्या कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या भंगारात गेल्या. नाना मात्र तिला विसरले नव्हते. भाऊ दोन-तीन वर्षांचा असताना ते जळगावला एका उस्तादाच्या हाताखाली शिकत. तिथे एका डॉक्टरच्या मुलाची मिनी दुरुस्तीला आली होती. उस्ताद जेवायला गेल्यावर नाना तिच्यावर बसले, नुसते बसले. उस्तादाने परत आल्यावर त्यांचा पंजा धरून दुसऱ्या एका गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर दाबला. तळहातावरचा तो डाग नाना मला दाखवत. उस्तादाबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. "बराबर करं उस्तादनी. गिऱ्हाइकनी गाडीवर बठनं नही," असं ते म्हणत.

वरणगावच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन निघाले होते. त्यांच्या बंगल्यामागे एक मिनी पडून आहे असं नानांना कळलं. तिच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. नानांनी ती ट्रकमध्ये चढवली आणि वरणगावपासून धुळ्यापर्यंत ट्रकच्या हौद्यात तिला धरून उभे राहिले. अंगणात उतरवली तेव्हा तिच्यात गाडी म्हणावं असं फारसं उरलेलं नव्हतं. भाऊ हसला. म्हणाला, "नाना, ही ते कोंबडीस्नी खुराडी शे." त्या गाडीपायी त्याने खाल्लेला तो पहिला मार.

पुढच्या रविवारी नानांनी मला हाक मारली. मॅग्नेटच्या मागे एक वॉशर अडकला होता आणि त्यांची बोटं तिथे जात नव्हती. माझी गेली. मी तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजच जन्मले. "तुना बोटं म्हंजे मना धाकला पाना," ते म्हणाले. तेव्हापासून रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं अंगणात चिंचेखाली पोतं अंथरून बसायचो. ते एकेक भाग सोडवायचे. मी तो रॉकेलच्या थाळीत धुवायची, पुसायची आणि ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायची. "हात काया कर, माय. काया हातले गाडी घाबरस नही," काळ्या हाताला गाडी घाबरत नाही, हे त्यांचं नेहमीचं. मोठ्या गाड्यांशी ते आयुष्यभर भांडत आले होते. या एकीशी हळू बोलत. "मोठी गाडी कोनीबी चालाडस. धाकलीले सांभाळनं पडस." तो आवाज आईने लग्नानंतर कधी ऐकलेला नव्हता. भांडी घासता घासता ती मागच्या दारात येऊन उभी राहायची, आणि नानांनी मान वर केली की आत जायची.

त्यांचा हट्ट एकच होता, जे लावायचं ते मूळचं. चालेल, बसेल, भागेल हे शब्द त्या पोत्यावर बोलायचे नाहीत. एका मडगार्डसाठी आम्ही जळगावचे सगळे भंगारवाले पालथे घातले. सीटच्या पत्र्यासाठी शिरपूरच्या पुढे डोंगराकडच्या एका पाड्यापर्यंत गेलो, तिथे त्या पत्र्यात बकरीला पाणी ठेवत. आणि हँडलसाठी गेलो पारोळ्याला. किल्ल्याच्या बाजूला एक भंगारवाला राहायचा. त्याने घराच्या ओसरीत टॉवेल वाळत घालायला मिनीचं हँडल टांगलं होतं, आणि ते टांगण्यासाठी मधोमध भोक पाडलं होतं. नानांनी ते भोक पाहिलं. त्यांच्या प्रश्नाआधी काय येतं ते मला माहीत होतं, पण पारोळेकराला नव्हतं. तो पडला तसाच उठला, हाताशी असलेली सळई उचलली आणि नानांच्या खांद्यावर घातली. मग दोघं भंगारात लोळत होते आणि त्याची बायको व मी ओसरीत उभ्या राहून रडत होतो. दोघांचाही दम संपला तेव्हा त्याने विचारलं, "भाऊ, पन व्हयनं काय?" नानांनी धापा टाकत त्याला त्या गाडीची सगळी हकिकत सांगितली. ऐकून त्याने स्वतः स्टुलावर चढून हँडल सोडवलं. परतीच्या एसटीत नानांचा खांदा सुजून टम्म झाला होता आणि ते हँडल मांडीवर घेऊन हसत होते. "मूळचं शे, माय. मूळचं." मी आठ वर्षांची होते, भेदरलेली होते आणि मला त्या दिवसाइतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. दोन्ही खरं आहे.

एका रविवारी क्लचचा एक नट माझ्या हातून घरंगळला आणि खाटेखाली कुठे गेला ते दिसेना. मी थिजले. नानांनी शांतपणे बॅटरी आणली, खाट सरकवली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही तो शोधत होतो. गाडीचं काम पुढे सरकलं नाही, पण नाना दिवसभर अंगणातच राहिले. त्या दुपारी आई दोन तास झोपली, भाऊ ओट्यावर मित्रांशी कॅरम खेळला आणि कुणालाही मार बसला नाही. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. गाडी अपुरी आहे तोवर रविवार आमचा आहे. ती पुरी झाली की नाना पोत्यावरून उठणार, आणि उठून घरात येणार.

म्हणून मी चोरी करू लागले. काम संपत आलं की एखादी स्प्रिंग, एखादा स्क्रू, एखादी पिन गायब व्हायची आणि दोन-चार रविवारांनी तुळईवर, तांदळाच्या सुपाखाली, भलत्याच ठिकाणी सापडायची. नाना डोकं खाजवत म्हणायचे, "हाई गाडी लपाछपी खेयस." दोन-अडीच वर्षं मी ती गाडी अशी रोखून धरली. आज कुणी मला विचारलं की आयुष्यात तू मोठं काम काय केलंस, तर मी हेच सांगेन. एवढ्या लहान वयात एवढ्या मोठ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस बांधून ठेवणं सोपं नव्हतं.

मी सहावीत गेले तोवर गाडीचं इंजिन बसलं होतं, टाकीला डाळिंबी रंग लागला होता. आता फक्त मागचं चाक बसवायचं राहिलं होतं. त्या चाकाच्या दांड्यावर बोटाच्या पेराएवढी एक पितळी नळी बसते. त्याला बुश म्हणतात. मोठ्या गाडीचा बुश मिनीला चालत नाही. मी तो उचलला आणि माझ्या कंपासपेटीत ठेवला. शाळेत, शिकवणीत, सगळीकडे तो माझ्याबरोबर असायचा. या वेळी चार रविवार गेले. लेथवर दुसरा बनवून घ्यायला नाना तयार नव्हते, मूळचाच हवा होता. ते बोलेनासे झाले. चपला उंबऱ्यात पडू लागल्या. मला कळत होतं की तो परत ठेवायला हवा. पण गाडीला राहिलंच होतं तेवढं. तो ठेवला की सगळं संपलं असतं. अजून एकच रविवार, असं मी मनाशी म्हणाले.

त्या पाचव्या रविवारी दुपारी भाऊ शिकवणीहून आला. दहावीत होता, पंधरा वर्षांचा. नाना चिंचेखाली रिकाम्या चाकासमोर बसले होते, मी शेजारी. "बुश कोठे शे?" नानांनी त्याला विचारलं. या वेळी मारायच्या आधी विचारलं, म्हणून मी दचकले. भाऊ उन्हाने त्रासला होता. म्हणाला, "माले काय मालूम? नाना, ते खेळनं शे. खेळनानी कोनी चोरी करस का?"

नाना उठले. पहिली त्याच्या डाव्या कानावर बसली. तो भेलकांडून गाडीवर गेला आणि स्टँडवरची मिनी त्याला घेऊन आडवी झाली. मग नानांनी टायर काढायची पट्टी उचलली. पाठ, दंड, मांडी, जिथे लागेल तिथे. भाऊ ओरडायचा थांबला तरी ते थांबले नाहीत. आई धावत मध्ये आली आणि तिच्या मनगटावर एक बसली, तेव्हा बांगड्या फुटल्या त्या आवाजाने ते भानावर आले. भाऊ गाडीखाली अडकला होता आणि कानातून रक्त येऊन मानेवर उतरत होतं. नानांनी आधी गाडी उचलली. टाकीवर हात फिरवून पोचा आलाय का पाहिलं. मग भाऊला उचललं.

माझं दप्तर तिथेच, चिंचेच्या खिळ्याला टांगलेलं होतं. पेटी त्यात, बुश पेटीत. मला चार पावलं चालायची होती आणि एक शब्द बोलायचा होता. मी बोलले नाही. पहिल्या फटक्यानंतरही बोलता आलं असतं, दहाव्यानंतरही. भीतीने तोंड मिटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ठाऊक होतं की मी बोलले तर ते माझ्याकडे वळतील, आणि त्यानंतर मी त्यांची कुणी राहणार नाही.

दवाखान्यात भाऊने सांगितलं की गाडीवरून पडलो. कानाचा पडदा फाटला होता. त्या बाजूने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. आणि त्याच आठवड्यात नानांनी एमआयडीसीत जाऊन लेथवर बुश बनवून आणला. अर्ध्या तासाचं काम होतं.

गाडी पुरी झाली. नानांनी ती ढकलत पांझरा नदीपलीकडच्या मोकळ्या रानात नेली, मला वर बसवलं आणि म्हणाले, "क्लच हयू सोड. ती पळनार नही, तुले इचारी." मी क्लच हळू सोडला. ती निघाली. नाना मागून सीटला धरून पळत होते, मग हात सोडूनही पळत होते, मग लांब राहिले. वारा तोंडावर येत होता आणि मी हसत होते. घरी भाऊ कानाला कापूस लावून पडला होता आणि मी हसत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी तो मूळचा बुश पांझरेच्या फरशी पुलावरून पाण्यात टाकला. डुबुक इतकाही आवाज आला नाही.

दहावीचा निकाल लागला आणि भाऊ कुणाला न सांगता सुरतेला निघून गेला. तिथे आमच्या मामाकडे राहून एका कारखान्यात लागला. आठ दिवस नानांनी कुणाला मारलं नाही. लोक काळजीने गॅरेजमध्ये डोकावून जायचे. नवव्या दिवशी एका ट्रकवाल्याशी त्यांचं वाजलं आणि पंक्चरवाला आईला सांगायला आला, "वहिनी, नाना बरे शेत आते." गल्लीत हसू झालं. आई हसली नाही.

मी मात्र मिनीवर मोठी झाले. रविवारचं पोतं सुटलं नाही. मला वाटलं होतं तसं काही गाडी पुरी झाल्यावर संपलं नाही. ती पुन्हा पुन्हा बिघडायची, कारण जुनी गाडी कधीच पुरी होत नसते. हे मला अकराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर भाऊचा कान शाबूत राहिला असता. कॉलेजात असताना त्या बुटक्या डाळिंबी गाडीवरून जाताना सगळं धुळं वळून बघायचं. एकदा एका टवाळाने चालत्या गाडीवर माझी ओढणी धरली. मी गाडी लावली, हवा भरायचा पंप काढला आणि तो पळेपर्यंत मारत राहिले. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी गॅरेजभर जिलबी वाटली. मला ती खाववेना. हात कुठून आला ते मी ओळखलं होतं.

आता मिनी सुरतेला आहे. नाना गेल्यावर भाऊने ती स्वतः मागून नेली, ज्याने तिला खुराडी म्हटलं होतं त्याने. रविवारी तो आणि त्याची मुलगी तिच्याशी खुडबुडत बसतात. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिच्या हाताला रॉकेलचा वास येतो म्हणून वहिनी कुरकुर करते. भाऊने अजून कुणावर हात उगारलेला नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "मांगला चाकना बुश झिजी गया. लेथना शे तो. तठे धुयामा मूळचा कोठे भेटी का, दख बरं." मी बघते म्हणाले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. त्या फोनमुळेच हे लिहायला घेतलंय.

पण अजून एक दिवस सांगायचा राहिलाय, माझ्या लग्नाचा.

लग्न पंच्याण्णवला झालं, धुळ्यातच. नवऱ्याकडची माणसं जळगावची, शिक्षकी पेशातली. रुखवतात लाडू, करंज्या, क्रोशाचे रुमाल, मण्यांचा मोर आणि त्यांच्यामध्ये नानांनी मिनी उभी केली. हँडलला झेंडूची माळ. व्याही मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली. सकाळी मला हळद लावून झाली, बायका गाणी म्हणत होत्या आणि मी तशीच उठून रुखवताच्या खोलीत गेले. नाना एकटेच होते, फडक्याने टाकी पुसत होते. बाहेर मांडवात नऊ वर्षांनी आलेला भाऊ पाहुण्यांना पाणी देत होता. कुणी डाव्या बाजूने हाक मारली की त्याला कळत नव्हतं. ते पाहून मी आत आले होते.

"नाना, माले ही गाडी नको," मी म्हणाले.

"कसाले?"

"बुश मीच लपाडेल व्हता."

त्यांचा फडका थांबला नाही. "माले मालूम व्हतं."

मला वाटलं, भाऊ गेल्यावर कधीतरी कळलं असेल. "कव्हयपासून?"

"पॅकिंग कापाले तुना कंपास लेवाले गऊ, तवय पेटीमा दखा. त्या शनवारे."

शनिवार. म्हणजे आदल्या दिवशी. मी हिशेब पुन्हा केला, तरी तो आदलाच दिवस आला. "मंग भाऊले कसाले मारं?"

नानांनी फडक्याची घडी घातली. "हात उठेल व्हता. कोठेतरी पडनाच व्हता. तुन्यावर पडता, ते तू मनाजोडे पोतावर कधीच बठती नही."

मी त्यांच्या तोंडात मारली. सगळा जोर लावून. ते दोन पावलं मागे गेले, रुखवताच्या टेबलाला लागले आणि मण्यांचा मोर खाली पडला. गालावर माझ्या हाताची ओली पिवळी बोटं उमटली होती. त्यांनी गाल चोळला नाही, हात वर केला नाही. माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्याला मी सुटका म्हणेन.

तेवढ्यात दारात आत्या आली. तिने नानांचा गाल पाहिला आणि बाहेर ओरडून सांगितलं, "दखा वं, आंडेरनी बापले हयद लाई दिनी." लेकीनेच बापाला हळद लावली म्हणून बायका हसत आत घुसल्या. ज्या माणसापासून सगळं गाव हातभर लांब उभं राहायचं, त्याला हात लावायची अशी संधी त्यांना पुन्हा कुठे मिळणार होती? वाटी आली. मावशीने लावली, शेजारणींनी लावली, पंक्चरवाल्याच्या बायकोने कपाळभर फासली. मग आई आली. तिने दोन्ही पंजे भरून घेतले आणि दुसऱ्या गालावर लावली, जरा जास्तच जोरात. आवाज झाला. बायका आणखी हसल्या. आई मागे वळून न बघता वाटी खाली ठेवून निघून गेली.

"भाऊ, तू बी लाव," कुणीतरी म्हणालं. भाऊ गर्दीतून पुढे आला. नानांसमोर त्या रविवारनंतर तो इतक्या जवळ कधी उभा राहिला नव्हता. त्याने दोन बोटं वाटीत बुडवली आणि नानांच्या दोन्ही गालांवरून अगदी हळू फिरवली, लहान मुलाला पावडर लावावी तशी. सुजलेल्या गालाला लागू नये एवढी काळजी घेऊन. त्याला ती सूज कशाची ते माहीत नव्हतं. नानांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी हळदीतून खाली आलं. मी पुढे झाले. सगळ्यांसमोर, तिथल्या तिथे भाऊला सांगून टाकायचं म्हणून तोंड उघडलं. नानांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. नको.

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. नऊ वर्षांनी पोरगा त्यांना शिवत होता, तेवढं त्यांना हवं होतं. मी तोंड मिटलं. गाडी सासरी नेली नाही. चार वर्षांनी नाना गॅरेजमध्ये पाना हातात असतानाच गेले, आई गेली, आणि मी त्यांचं ते 'नको' सांभाळत राहिले. त्यांच्यावर माझं प्रेम होतं. त्या प्रेमाची किंमत आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्याच माणसाकडून वसूल केली, आणि ज्याच्याकडून केली तो आता आपल्या लेकीला शेजारी बसवून मूळचा बुश शोधतोय.

भाऊ, धुळ्यात शोधू नको. तो मनी कंपासपेटीमा व्हता.